हलक्या गाड्यांचा अर्धवट हिशेब

१९७० साली विदर्भात नागझिरा अभयारण्य झालं, तेव्हा आपल्याकडे गाडी म्हणजे पोलादाचा पत्रा. परदेशात मात्र वेगळे प्रयोग सुरू झाले होते. अमेरिकेत १९५३ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरग्लासच्या बॉडीत आली. पूर्व जर्मनीत पोलादाची टंचाई होती, म्हणून १९५७ पासून ट्राबांटची बॉडी वाया गेलेला कापूस आणि कृत्रिम राळ दाबून बनवली गेली. जर्मनी एक झाल्यावर या गाड्या भंगारात निघाल्या आणि ही बॉडी वितळवून पुन्हा वापरता येत नाही, ही अडचण समोर आली. तो धडा कोणी फारसा मनावर घेतला नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जगाचं लक्ष इंधनावर खिळलं. गाडीचं वजन दहा टक्के घटलं, तर इंधन साधारण सहा ते आठ टक्के वाचतं. हा फायदा खरा आहे. पण असं वजन घटवणारं एक किलो कार्बन फायबर बनवायला पोलादाच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. ती आधी खर्च होते आणि पुढे धावण्यातून फेडावी लागते.

ही फेड कुठे होते, याचं उदाहरण विदर्भातच आहे. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या टाल कंपनीने बोइंग ७८७ साठी कार्बन फायबरचे फ्लोअर बीम बनवले. या विमानाच्या रचनेत वजनाने निम्मा वाटा अशा तंतू आणि राळेच्या संमिश्र पदार्थांचा आहे. विमान वर्षानुवर्षं रोज तासन् तास उडतं, त्यामुळे वाचलेला प्रत्येक किलो प्रत्येक उड्डाणात कामी येतो.

२०१३ मध्ये बीएमडब्ल्यूने कार्बन फायबरच्या सांगाड्याची आय३ बाजारात आणली. तिचं फायबर अमेरिकेत जलविद्युतेवर तयार होई, कारण वीज कोळशाची असती तर फायद्याचा मोठा भाग तिथेच संपला असता. २०२२ मध्ये ती गाडी बंद झाली. त्याच २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला; तिथल्या गाडीचा हिशेब मात्र वेगळा आहे. पिटेझरी आणि चोरखमारा गेटमधून आत जाणारी सफारीची जिप्सी मातीच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ थोडेच किलोमीटर फिरते. तिला महागडं कार्बन फायबर लावून ऊर्जेची फेड व्हायला फार काळ लागेल. पत्र्याला पोचा आला तर तो ठोकून सरळ होतो आणि शेवटी भट्टीत जातो. नागझिऱ्याच्या दक्षिणेला, साकोली-देवरी पट्ट्यात, मुंबई-कोलकाता महामार्गावरून रात्रंदिवस ट्रक जातात. लाखो किलोमीटर धावणाऱ्या त्या ट्रकांचं वजन घटवणं मात्र परवडू शकेल.

प्रश्न शेवटाचा उरतो. एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही. दळली तर तंतू तुटून आखूड होतात. ऑक्सिजनविना तापवून राळ काढता येते, पण त्यालाही ऊर्जा लागते. काचतंतूंचा कचरा सिमेंट भट्टीत वापरता येतो: राळ जळण होते आणि काच कच्च्या मालात मिसळते. जर्मनीत पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी हे केलं गेलं आहे. सिमेंट कारखाने आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत.

१ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झाले. त्यांत उत्पादकांवर टाकलेलं भंगार-पुनर्प्रक्रियेचं उद्दिष्ट पोलादाच्या वजनावर मोजलं जातं. म्हणजे गाडीत पोलाद जितकं कमी, तितकी उत्पादकाची जबाबदारीही कमी. फायबरचा प्रत्येक किलो परत घेण्याचं बंधन याच नियमांत यायला हवं. हलकेपणाचं श्रेय घेणाऱ्यानेच त्याचा कचराही उचलला पाहिजे.