गाडी मिसिंग मारते? आधी मोजा, मग बदला

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि बातमी बघता बघता देशभर पोहोचली. उन्हाची सवय असलेल्या नागपूरकरांनाही हा आकडा पचेना. शहरातली इतर काही केंद्रे त्याच दिवशी ४४ अंशांच्या आसपास तापमान दाखवत होती. पुढे हवामान खात्याने खुलासा केला, की त्या केंद्राचा सेन्सर नीट काम करत नव्हता. ऊन होतेच, पण बिघाड हवेत नव्हता, मोजणाऱ्या यंत्रात होता.

जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली हाच घोळ नेहमी होतो. दुखणे एकीकडे असते आणि लक्षण दुसरीकडे दिसते. मग एकेक भाग बदलत जाण्याचा उद्योग सुरू होतो आणि खर्च वाढत जातो.

मनीषनगरातल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस वर्षांची एखादी मारुती, सँट्रो किंवा वॅगन-आर उभी असते. समजा, अशी एक गाडी सकाळी व्यवस्थित सुरू होते. रेल्वे फाटकापाशी रांगेत थांबली, की थरथरू लागते. रेस दिली की सुधारते, पाय काढला की बंद पडते. कधी सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ आवाज येतो. मालक आधी प्लग बदलतो, मग कॉईल, मग नवी बॅटरी टाकतो. काही दिवस बरे जातात आणि तक्रार पुन्हा हजर होते. प्रत्येक भाग अंदाजाने बदलला गेला, तपासून नव्हे.

इंजिन अडखळते तेव्हा

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण आदर्श मानले जाते. मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर असतात. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला बावीस-तेवीस वेळा पेट्रोल पेटते. तीनपैकी एक सिलिंडर गप्प बसला, तर दर तिसरा ठोका चुकतो. यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. वेगात असताना गाडीची गती हा धक्का झाकून टाकते, म्हणून थरथर जाणवते ती उभ्या गाडीत.

पहिला प्रश्न : सगळे सिलिंडर अडखळतात की एकच? इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरचे काम क्षणभर थांबवले की उत्तर मिळते. ज्याला थांबवल्यावर इंजिन आणखी मंदावते, तो सिलिंडर काम करत होता. ज्याला थांबवूनही फरक पडत नाही, तो आधीपासूनच बंद आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा प्लग काढून ही चाचणी होते. जुन्या गाडीत प्लगची वायर काढतात, पण तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. ती उघड्या हाताने ओढणे धोक्याचे आहे आणि कॉईलही खराब होऊ शकते. हे काम जाणकारानेच करावे.

दोषी सिलिंडर सापडला, की अदलाबदल करून पाहता येते. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग तिसऱ्याला लावला आणि मिसिंगही तिसऱ्यात गेले, तर दोष प्लगचा. जागचे हलले नाही, तर वायर किंवा कॉईल पाहावी. तेही ठीक निघाले, तर इंजेक्टर किंवा व्हॉल्व्ह. यात पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.

बाहेर काढलेला प्लगही बरेच सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. तेलकट ओले असेल तर ऑइल आत झिरपते आहे. पांढरेफटक आणि पोळल्यासारखे दिसत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन जास्त तापते आहे.

सगळेच सिलिंडर अडखळत असतील आणि रेस दिल्यावर सुधारत असतील, तर बाहेरची हवा आत शिरण्याची शक्यता मोठी. विदर्भाच्या उन्हात रबरी नळ्या कडक होतात, त्यांना बारीक भेगा पडतात. उभ्या गाडीत इंजिनाला मुळातच थोडी हवा लागते, तेव्हा भेगेतून आलेली जादा हवा मिश्रण बिघडवते. वेगात तेवढी हवा नगण्य ठरते. पावसाळ्यात मिसिंग वाढत असेल, तर प्लगच्या वायरींचे वेष्टन तडकलेले असू शकते. रात्री अंधारात, हात न लावता चालू इंजिनाकडे पाहिले तर कधी निळ्या ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसतात.

एक लक्षण, दोन कारणे

भर दुपारी रांगेत गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. कार्बोरेटरच्या गाड्यांत याचे एक कारण म्हणजे पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होणे. वाफ झाली की पंप ती ढकलू शकत नाही. म्हणूनच जुने चालक पंपावर ओले फडके ठेवत. पण तापल्यावर दम तोडणारी इग्निशन कॉईलही हुबेहूब हीच लक्षणे दाखवते.

फरक ओळखायचा तर गाडी बंद पडलेली असतानाच ठिणगी तपासावी लागते. ठिणगी आहे, तर पेट्रोलच्या वाटेकडे पाहावे. ठिणगी नाही, तर कॉईलकडे. गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये नेली, तर मेकॅनिकला काहीच सापडत नाही. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखेच आहे हे. बिघाड होतो तेव्हा ऊन होते की पाऊस, इंजिन गार होते की गरम, एसी किंवा दिवे चालू होते का, टाकीत पेट्रोल किती होते, हे मालकाने लिहून ठेवले तर निम्मे निदान तिथेच होते.

हरवलेले व्होल्ट

सेल्फचा ‘टक्’ आवाज ऐकून बॅटरी बदलणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात दोष अनेकदा वायरीच्या टोकांत असतो. स्टार्टर मोटर सुरू होताना शंभर ते दीडशे अँपिअर प्रवाह ओढते. एवढ्या मोठ्या प्रवाहाच्या वाटेत ०.०५ ओहम इतका किरकोळ अडथळा आला, तरी शंभर अँपिअरला पाच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या गाडीत पाच व्होल्ट गेले तर मोटर काय फिरणार? हा अडथळा म्हणजे टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, सैल नट किंवा इंजिनाला बॉडीशी जोडणारी गंजलेली अर्थिंगची पट्टी.

गंमत अशी, की साध्या मल्टिमीटरवर ‘जोड आहे की नाही’ एवढेच तपासले तर सगळे ठीक दिसते. जाड केबलच्या पन्नास तारांपैकी एक शाबूत असली तरी मीटर बीप वाजवतो, कारण तो अगदी क्षीण प्रवाह पाठवून तपासतो. रस्त्यात अडथळा आहे का, हे रिकाम्या रस्त्यावर कळत नाही, गर्दीत कळते. म्हणून मोजमाप ओझे टाकूनच करावे लागते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता दुसऱ्या कोणीतरी सेल्फ मारावा. आकडा ०.२ व्होल्टपर्यंत असेल तर अर्थिंग ठीक. ०.५ च्या वर गेला तर तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. मग पट्टी काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवावी. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, पंखा लावला की हेडलाइट पिवळे पडतात, अशा चमत्कारिक तक्रारींच्या मुळाशीही बहुधा हीच अर्थिंग असते.

उन्हाळ्यात मरते, हिवाळ्यात कळते

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. बॉनेटखाली ते त्याहून बरेच जास्त असते. तापमान दहा अंशांनी वाढले, की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्यांचे गंजणे आणि पाणी उडून जाणेही त्याच वेगाने वाढते. गार इंजिन फिरवायला मात्र जोर जास्त लागतो. त्यामुळे मे महिन्यात अर्धमेली झालेली बॅटरी डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात दगा देते आणि दोष थंडीला दिला जातो.

बॅटरीची तब्येत तीन आकड्यांत कळते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर डायनामो किंवा त्याचा पट्टा तपासावा. १५ च्या वर जात असतील तर जास्त चार्जिंगने बॅटरी उकळते आहे.

हे सगळे ठीक असूनही बॅटरी दर दोन-तीन दिवसांनी बसत असेल, तर बंद गाडीत कोणीतरी वीज खात आहे. बंद गाडीने ०.०५ अँपिअरहून कमी प्रवाह घ्यावा. डिकीचा न विझणारा दिवा किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम अर्धा अँपिअर खात असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी संपते. ऑटो इलेक्ट्रिशियन एकेक फ्यूज काढून चोर पकडतो. उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही याच वेळी पाहून घ्यावी.

खोटे बोलणारा सेन्सर

इंजेक्शनच्या गाडीत किती पेट्रोल द्यायचे, हे संगणक सेन्सरांवर विसंबून ठरवतो. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर म्हणजे उष्णतेने रोध कमी होणारा छोटा तुकडा. पाणी २० अंशांवर असताना त्याचा रोध साधारण दोन-अडीच हजार ओहम असतो, तर इंजिन गरम झाल्यावर दोन-तीनशेवर येतो. त्याच्या कनेक्टरला गंज चढला, की गंजाचा रोध त्यात मिळतो. नागपूरच्या मे महिन्यात संगणकाला वाटते, इंजिन गार आहे. तो पेट्रोल वाढवतो. काळा धूर येतो, ॲव्हरेज पडते, प्लग काळे होतात. प्लग बदलून इथे काय साधणार?

अलीकडच्या गाड्यांना स्कॅनर लावला की कोड येतो. पण कोड म्हणजे रुग्णाची तक्रार असते, निदान नव्हे. ‘मिश्रण पातळ आहे’ असा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बिघडला असे नसते. सेन्सर खरे बोलत असेल आणि फाटक्या नळीतून हवा शिरत असेल. आकड्याची खातरजमा दुसऱ्या आकड्याने करावी लागते. हवामान केंद्राच्या बाबतीतही शेजारच्या केंद्रांचे आकडेच कामी आले.

असा एक दुसरा आकडा बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये पडून असतो : पेट्रोल गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र. त्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण छापलेले असते. पहिले जास्त असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा अधिक जात आहे. पहिले कमी आणि दुसरे जास्त असेल तर पेट्रोल न पेटताच बाहेर पडते आहे, म्हणजेच मिसिंग. मागच्या प्रमाणपत्राशी तुलना केली तर बिघाड कधी सुरू झाला, तेही कळते.

अंगावर काढू नये

‘चालते आहे तोवर चालू द्या’ ही वृत्ती इथे महागात पडते. न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो लालबुंद तापू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाची तपासणी करणे किंवा उभ्या गाडीत एसी लावून झोपणे जिवावर बेतू शकते. डोके जड होणे, मळमळणे, झोप येणे ही लक्षणे दिसताच मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना गाठावे.

दुसरा धोका आगीचा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार बसवणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवणे. ६० वॅटच्या हेडलाइटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला, तर वायरीतला प्रवाह पाचवरून आठ अँपिअरच्या वर जातो. जुनी वायर तापते, स्विच वितळतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार जुन्या रबरी नळ्या बनवताना फारसा झालेला नव्हता, म्हणून त्याही नियमित पाहाव्यात. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी

– बिघाड केव्हा, कुठे, कोणत्या हवेत होतो ते लिहून न्या.
– बॅटरीची टर्मिनल साफ आणि घट्ट आहेत ना, ते पाहा.
– बंद आणि चालू गाडीचे व्होल्ट मोजून ठेवा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो.
– मागची दोन-तीन पीयूसी प्रमाणपत्रे सोबत ठेवा.
– भाग बदलण्याआधी ‘हाच खराब आहे हे कशावरून?’ असे विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, तो मोजून दाखवतो.
– काढलेला जुना भाग परत मागून घ्या आणि एका वेळी एकच भाग बदला. चार भाग एकदम बदलले, तर गाडी कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.