कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांचा हिशेब

दहावी-बारावीत दरवर्षी मुली पुढे, मग आयआयटी प्रवेशाच्या जेईईत मागे का पडतात? भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या एका शिक्षिकेनं विचारलंय. २०२५च्या दहावीत राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली पास झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. आयआयटीत मात्र २०१८मध्ये मुलींसाठी जादा जागा निघेपर्यंत शंभरात दहाही मुली नसत.

‘टोकाची हुशारी पुरुषांतच’ हे उत्तर शंभर वर्षांपूर्वी शास्त्र म्हणून खपत होतं. कोलंबिया विद्यापीठातले थॉर्नडाईकही पुरुषांत चढउतार जास्त, म्हणून दोन्ही टोकांना पुरुषच अधिक, असंच मानत. त्यांचीच विद्यार्थिनी लीटा हॉलिंगवर्थ. तिचा सवाल: हा निसर्गनियम असेल तर जन्मतःच दिसायला हवा, घरानं-शाळेनं हात लावण्याआधी! तिनं हेलन मॉन्टेग्यूबरोबर न्यूयॉर्कमधल्या हजार मुली आणि हजार मुलग्यांची जन्मावेळची वजनं नि लांबी तपासली. मुलग्यांत जास्त चढउतार सापडले नाहीत. १९१४ साली हे छापून आलं. बुद्धीचा निकाल त्यातून लागत नाही, पण सरसकट नियमाचा दावा ढासळला. डी.एल.एड.ला थॉर्नडाईकची प्रयोगातली मांजरं सगळ्यांना भेटतात, हॉलिंगवर्थबाई कुणालाच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

मग जेईईत काय होतं? मुलाला नागपूरला क्लास लावणारी कितीतरी घरं मुलीच्या वेळी जवळच्या तुमसरवरच थांबतात, हे तर आहेच. पण गुण देण्याची पद्धतही बघा. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ कॅथरीन कॉफमन यांच्या प्रयोगात चुकीला दंड नव्हता तेव्हा सगळ्यांनी सगळे प्रश्न सोडवले. दंड लागताच, तेवढंच येत असूनही, स्त्रियांनी जास्त प्रश्न कोरे सोडले. चिलीनं २०१५मध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षेतला हा दंड काढला आणि प्रश्न सोडण्यातली मुलामुलींची तफावत ७० टक्क्यांनी घटली. वरच्या फळीत तर गुणांतलं अंतरही कमी झालं.

जेईई मेनमध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. चार पर्यायांपैकी दोन नक्की चूक आहेत एवढं कळलं आणि उरलेल्या दोनांतला एक ठोकला, तर सरासरी दीड गुण हाती लागतो. असे वीस प्रश्न ‘खात्री नाही’ म्हणून सोडणारी मुलगी सरासरी तीस गुण पेपरातच ठेवून येते. बाई, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडाच.