मेलेल्या गायकाचा शोध

एखाद्या गायकाला अख्ख्या देशातल्या तरुणांनी डोक्यावर घ्यावं आणि खुद्द त्यालाच याचा पत्ता नसावा! असं घडलंय.

सिक्स्टो रॉड्रिगेझ हा डेट्रॉइटमधला, मेक्सिकन आईबापांचा मुलगा. 1970 मध्ये त्याचा पहिला फोक-रॉक अल्बम आला, 'कोल्ड फॅक्ट'. आवाज मऊ, पण गाण्यांत गरीब वस्त्या, अमली पदार्थ, निगरगट्ट पुढारी. अमेरिकेत तो कुणी घेतलाच नाही. पुढचा अल्बमही पडला, कंपनीने हात झटकले आणि रॉड्रिगेझ जुनी घरं पाडायच्या मजुरीला लागला.

आता दक्षिण आफ्रिकेत चला. वर्णद्वेषी राजवट, कडक सेन्सॉरशिप, गोऱ्या पोरांना सक्तीची लष्करी नोकरी. टीव्हीसुद्धा आला तो थेट 1976 मध्ये! अशा कोंडलेल्या पोरांच्या हाती 'कोल्ड फॅक्ट' लागला. त्यातलं 'शुगर मॅन' हे गाणं चुकूनही वाजू नये म्हणून सरकारी रेडिओच्या संग्रहातली रेकॉर्ड तेवढ्याच जागी ओरखडून ठेवलेली सापडली. पण घरोघरी कॉपी होणाऱ्या कॅसेट कोण ओरखडणार?

गंमत बघा. ज्या कोंडीमुळे गाणी इतकी भिडली, तिच्यामुळेच गायकाची बातमी आत येईना आणि कीर्तीची बातमी बाहेर जाईना. मग अफवांना काय तोटा? त्याने म्हणे स्टेजवर गोळी झाडून घेतली. छे, पेटवून घेतलं!

वर्णद्वेष संपल्यावर केपटाउनचा चाहता स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू-स्ट्रायडम या मरणाचा छडा लावायला निघाले. धागा कुठे मिळाला? एका गाण्यातल्या गावाच्या नावात! डिअरबॉर्न, डेट्रॉइटला खेटून असलेलं. तिथून माग निघाला अल्बमचा निर्माता माइक थिओडोर याच्यापर्यंत, आणि 1997 मध्ये त्याच्याकडून कळलं, की माणूस चक्क जिवंत आहे. मार्च 1998 मध्ये रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेत हजारोंसमोर गायला.

अमेरिकी समीक्षकांना मात्र जाग यायला 2008 उजाडलं. अल्बम पुन्हा निघाला आणि त्यांनी तो उचलून धरला. सूर तेच, शब्द तेच! पुढे याच शोधावरच्या 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाला 2013 मध्ये ऑस्कर मिळालं.

माहितीपटाने ऑस्ट्रेलिया मात्र साफ गाळला. तिथेही रॉड्रिगेझ लोकप्रिय होता, 1979 आणि 1981 मध्ये दौरे करून आला होता. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत त्याच्या मरणाच्या कहाण्या रंगत होत्या, तेव्हा ऑस्ट्रेलियात त्याच्या लाइव्ह कार्यक्रमाची रेकॉर्ड विकायला होती. तिचं नाव 'रॉड्रिगेझ अलाइव्ह'!