अडलेली गाडी आणि चालू हप्ता : इंधनप्रणालीच्या तक्रारींची उकल

बंगळूरूच्या आग्नेयेस, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या परिसरात वसलेल्या वसाहतीला या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच एचएसआर लेआउट हे नाव मिळाले. आगरा तलावाच्या काठची ही सात सेक्टरांची वसाहत आज संगणक क्षेत्रातील नोकरदारांची म्हणून ओळखली जाते. पुणे, कोल्हापूर, नागपूर येथून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. आठवडाभर सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीतून कार्यालय गाठायचे आणि गणपती-दिवाळीला आईवडील, मुले व सामान घेऊन सुमारे साडेआठशे किलोमीटरवरचे पुणे गाठायचे, अशा दुहेरी गरजेतून या कुटुंबांची पसंती सहसा सात आसनी एसयूव्हीला मिळते. किंमत पंधरा-वीस लाखांच्या घरात असल्याने खरेदी बहुधा वाहनकर्जातूनच होते.

अशी गाडी वर्ष-दीड वर्षातच कुरकुर करू लागली, तर मालकाची अवस्था अवघड होते. चालता चालता इंजिन धक्के देते. सिग्नलला बंद पडते. सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. मायलेज एकाएकी घसरते. आसनांपर्यंत पेट्रोलचा वास येतो. मालक सर्व्हिस सेंटरकडे जातो, तर तेथे सांगितले जाते, ‘इंधन खराब असेल.’ पेट्रोल पंपावर विचारले, तर उत्तर मिळते, ‘दोष गाडीतच असेल.’ या टोलवाटोलवीत आठवडे जातात. गाडी दुरुस्तीसाठी उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वजा होतच असतो.

अशा प्रसंगी तक्रार कोणाच्या दारी न्यायची, हे दोषाच्या कारणावर अवलंबून असते; आणि कारण सिद्ध होते ते प्रामुख्याने तारीखवार नोंदींवर.

इंधनाची वाट

इंधनप्रणाली म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतची इंधनाची वाट. टाकीतील पंप इंधन पुढे ढकलतो. फिल्टर त्यातील कचरा व, डिझेल गाडीत, पाणीही अडवतो. आणि इंजेक्टर त्याचा सूक्ष्म फवारा इंजिनात सोडतो. आधुनिक डिझेल गाडीत यांच्या जोडीला उच्च दाबाचा पंप आणि ‘कॉमन रेल’ नावाची नळी असते. या नळीतील दाब १,६०० ते २,००० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. गाडीच्या टायरमधील हवेचा दाब जेमतेम सव्वादोन बार असतो, हे ध्यानात घेतल्यास या आकड्याची कल्पना येईल. इंजेक्टरची छिद्रे केसाच्या जाडीशी तुलना व्हावी इतकी बारीक असतात. एवढ्या नाजूक रचनेत थोडे पाणी किंवा थोडी धूळ शिरली, तरी मोठा खर्च उद्भवतो.

या वाटेवर दोष निर्माण होण्याची मुळे प्रामुख्याने तीन : इंधन, वापर आणि सुटा भाग अथवा जोडणी.

पहिले मूळ : इंधन

भेसळयुक्त किंवा दूषित इंधन काय करू शकते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले. जुलै २०२१ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने नाशिक कारखान्यात २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात तयार झालेल्या ६०० पेक्षा कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी आणि इंजिन बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. एका विशिष्ट दिवशी कारखान्यात आलेले इंधन दूषित असल्याने इंजिनाच्या काही भागांची अकाली झीज होण्याची शक्यता होती. ज्यांनी गाडी घडवली, त्यांच्या आवारातही दूषित इंधन शिरू शकते, हा यातील पहिला धडा. दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. इंधन कोणत्या तारखेला आले आणि त्या काळात कोणत्या गाड्या बाहेर पडल्या याची नोंद असल्यामुळेच नेमक्या गाड्या हुडकता आल्या.

सामान्य ग्राहकालाही आपल्यापुरती ही दक्षता घेता येते. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, इंधनाच्या घनतेची तपासणी आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजणी मागण्याचा त्याला हक्क आहे. पंपावर नोंदलेली घनता आणि प्रत्यक्ष घनता यांत १५ अंश सेल्सिअसला प्रति घनमीटर ३ किलोपेक्षा अधिक तफावत आढळल्यास शंकेला जागा आहे असे समजावे. इंधन भरल्याची पावती, दिनांक आणि वेळेसह, जपून ठेवावी. तिच्याविना पंपाविरुद्धची तक्रार पुढे सरकणे कठीण असते.

पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत इथेनॉलमिश्रणाचाही विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले आणि २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. मूळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत ई-२० मुळे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, तर १० टक्के मिश्रणासाठी घडवून ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत ही घट १ ते २ टक्के असते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे. इथेनॉल पाणीही शोषून घेते. टाकीत पाणी अधिक झाल्यास ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि गाडी सुरू होत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्यामुळे आपली गाडी कोणत्या मिश्रणासाठी बनली आहे, हे माहितीपुस्तिकेतून पाहणे मालकाच्याच हिताचे आहे.

दुसरे मूळ : वापर

एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीतील डिझेल एसयूव्हीच्या तक्रारींत हे कारण विशेष तपासावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी गाडी काही वेळ स्थिर वेगाने चालणे आवश्यक असते. रोज पाच-सहा किलोमीटर आणि तेही कोंडीतून चालणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहते. त्यासाठी जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढते, मायलेज घसरते आणि अखेरीस इशाऱ्याचा दिवा लागतो. हा उत्पादनदोषच असतो असे नाही. मात्र विक्रीच्या वेळी ग्राहकाला त्याच्या रोजच्या वापराबद्दल विचारून योग्य सल्ला दिला गेला पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. दैनंदिन प्रवास थोडा असेल, तर डिझेल गाडी घेण्यापूर्वी पुनर्विचार करावा. घेतलीच असेल, तर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ती चालवावी.

दुसरी सवय टाकी काठोकाठ भरण्याची. पंपाची नळी आपोआप थांबल्यावरही रक्कम पूर्ण करण्यासाठी आणखी इंधन भरले जाते. पेट्रोल गाडीत टाकीतील वाफ शोषण्यासाठी कोळशाचा डबा असतो. जादा पेट्रोल त्यात शिरले, की वास येणे आणि गाडी नीट न चालणे अशा तक्रारी सुरू होतात.

तिसरे मूळ : सुटा भाग अथवा जोडणी

काही वेळा मात्र दोष निखालस उत्पादकाकडचा असतो. याचे एक उदाहरण बंगळूरूलगतच्या बिडदी येथे कारखाना असलेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीचे आहे. २०१८ मध्ये कंपनीने पेट्रोलवर चालणाऱ्या इनोव्हा क्रिस्टा व फॉर्च्युनर या प्रकारांतील २,६२८ गाड्या परत बोलावल्या. १८ जुलै २०१६ ते २२ मार्च २०१८ या काळात तयार झालेल्या या गाड्यांत इंधनाच्या नळ्यांची जोडणी चुकीची असण्याची शक्यता होती. नळी आपोआप थांबल्यानंतरही टाकी भरत राहिल्यास इंधन गळण्याचा धोका होता. म्हणजे मालकाची सवय आणि कारखान्यातील चूक एकत्र आल्यावरच दोष प्रकट होणार होता. अशा गाडीच्या मालकाला ‘तुम्हीच टाकी जास्त भरली’ असे म्हणून वाटेला लावणे किती अन्यायाचे ठरले असते, हे सांगावयास नको.

इंधनपंपाच्या दोषांचीही उदाहरणे आहेत. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या, तर एप्रिल २०२१ मध्ये होंडाने सीआर-व्ही या एसयूव्हीसह विविध प्रकारांच्या ७७,९५४ गाड्या पंपाच्या तपासणीसाठी बोलावल्या. होंडाच्या पंपातील फिरत्या पात्यांच्या दोषामुळे इंजिन थांबण्याची किंवा सुरूच न होण्याची शक्यता होती. अशा मोहिमेत भाग विनामूल्य बदलून मिळतो. गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून आपली गाडी यादीत आहे किंवा नाही, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहता येते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे अवश्य पाहावे.

कायद्याचा आधार

वाहने परत बोलावण्याची ऐच्छिक संहिता वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत मालकांच्या पुरेशा तक्रारी आल्यास केंद्र सरकार चौकशीअंती गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. म्हणून प्रत्येक मालकाने आपली तक्रार नोंदवणे महत्त्वाचे आहे. नोंदच नसेल, तर मोजदाद कशाची होणार?

व्यक्तिगत भरपाईसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जाता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये, तर वीस ते पन्नास लाखांसाठी १,००० रुपये आहे. तक्रार ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तेथेही दाखल करता येते. म्हणजे पुण्यात घेतलेल्या गाडीसाठी एचएसआर लेआउटमधील रहिवाशाला बंगळूरूतच दाद मागता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तडजोडीचा प्रयत्न करावा.

येथे अवाजवी अपेक्षा मात्र बाळगू नये. सदोष भाग बदलून काम भागत असेल, तर संपूर्ण गाडी बदलून मिळत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मारुतीसंबंधीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये घेतली. २०१० मधील फियाटसंबंधीच्या प्रकरणात मात्र, स्वतंत्र तंत्रज्ञाने मूळचाच उत्पादनदोष असल्याचे मत दिल्यास ग्राहकाला गाडीची किंमत, आजीवन कर आणि हप्ते व्याजासह परत मिळावेत, असे न्यायालयाने सांगितले. दोन्हींचा मथितार्थ एकच : तज्ज्ञाचा अहवाल निर्णायक असतो. त्यासाठी जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, ‘सामान्य तपासणी’ एवढ्यावर सही करू नये आणि बदललेल्या भागांची नोंद मागावी.

हप्त्याचे गणित

त्रस्त मालकाच्या मनात साहजिकच येते, की गाडी उभी असताना हप्ता का भरावा? परंतु गाडीचा व्यवहार विक्रेत्याशी झालेला असतो आणि कर्जाचा करार बँकेशी. एकातील दोषाने दुसऱ्यातील जबाबदारी संपत नाही. उदाहरणादाखल, १५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २४,१३४ रुपये येतो. गाडी तीन महिने सर्व्हिस सेंटरमध्ये राहिली, तर सुमारे ७२,४०० रुपये न वापरलेल्या गाडीपोटी जातात. ही हानी खरीच आहे. पण ती भरपाईच्या मागणीत मांडावयाची असते. हप्ता थांबवल्यास दंड आणि पतनोंदीवरील डाग पदरी पडतो. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेल्यास खाते अनुत्पादक ठरते. नियमित भरलेल्या हप्त्यांचा खातेउतारा मात्र नुकसानभरपाई मागताना पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

गाडी बँकेकडे नजरगहाण असल्याने किंमत परत मिळण्याचा आदेश झाल्यास त्यातून आधी कर्ज फिटते. म्हणून वाद सुरू होताच शाखेला लेखी कळवावे. अडचण खरी असल्यास परतफेडीच्या वेळापत्रकाबाबत थकबाकी होण्यापूर्वी बोलणे केव्हाही श्रेयस्कर. विम्यावर मात्र विसंबू नये. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज यांचा समावेश नसतो.

नाशिक असो वा बिडदी, दोष असलेल्या गाड्या वेगळ्या काढता आल्या त्या तारखांच्या नोंदींमुळे. मालकाकडेही इंधनाच्या पावत्या, जॉब कार्डे, इशाऱ्याच्या दिव्याची दिनांकासह छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि कर्जाचा उतारा अशी एक फाइल असावी. गाडी घेतल्याच्या दिवशी ती सुरू केली, तर बहुधा ती उघडण्याची वेळ येणार नाही. आलीच, तर टोलवाटोलवीला उत्तर देण्यास तीच पुरेशी ठरेल.