कोणत्या कोर्टाचं दार वाजवायचं?

घरातलं माणूस गेलं की त्याच्या मागे राहिलेल्या पैशाअडक्याचा कारभार कुणी बघायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आज आम्ही अमेरिकेतल्या अशाच एका खटल्याची आणि त्यामागच्या वकीलबाईंची गोष्ट सांगणार आहोत.

आयडाहो राज्यातल्या सॅली रीड यांचा तरुण मुलगा १९६७ साली गेला. त्याच्या मागे हजार डॉलरसुद्धा नव्हते. आईवडील विभक्त होते. कारभाराचा हक्क दोघांनीही मागितला. राज्याच्या कायद्यात लिहिलं होतं, नातं सारखंच असेल तर बाईआधी पुरुषाला मान द्यावा. म्हणून कोर्टाने वडिलांना नेमलं. कोण जास्त लायक, हे पाहिलंच नाही.

आता तिथली कोर्टं समजून घेऊ. आपल्याकडे राज्याचा कायदा असो की केंद्राचा, तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाट साधारण एकच. अमेरिकेत दोन वाटा आहेत. वारसा, घटस्फोट, जमीनजुमला हे बहुतेक राज्याच्या कोर्टात. देशाचा कायदा किंवा राज्यघटना यांचा प्रश्न असेल, तर संघीय कोर्टातही जाता येतं. राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टाने घटनेच्या प्रश्नावर निकाल दिला, तर त्यावर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते.

सॅलीबाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या आणि वॉशिंग्टनला गेल्या. तिथे त्यांच्या बाजूचं लेखी म्हणणं तयार करण्यात मोठा वाटा होता रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा.

रूथबाईंचा जन्म १९३३ चा, ब्रुकलिनचा. हार्वर्डच्या वर्गात सुमारे पाचशे मुलांत मुली नऊ. १९५९ साली कोलंबियातून त्या पहिल्या क्रमांकात आल्या, पण न्यूयॉर्कच्या एकाही वकिली कंपनीने नोकरी दिली नाही. बाई, त्यात ज्यू, त्यात लहान लेकराची आई! मग त्यांनी एका संघीय न्यायाधीशांच्या हाताखाली काम केलं आणि पुढे कायदा शिकवला.

२२ नोव्हेंबर १९७१ ला न्यायालयाने एकमताने सॅलीबाईंच्या बाजूने निकाल दिला. समान संरक्षणाच्या कलमाखाली बाई-पुरुष भेद करणारा कायदा या न्यायालयाने रद्द केला, तो पहिल्यांदाच.

दुसरा खटला हवाई दलातल्या शॅरन फ्रंटिएरो यांचा. पुरुष अधिकाऱ्याला बायकोसाठी भत्ता आपोआप मिळे. बाईने मात्र नवरा निम्म्याहून जास्त आपल्यावर अवलंबून आहे, हे सिद्ध करायचं. हा देशाचा कायदा, म्हणून दावा थेट अलाबामातल्या संघीय कोर्टात. तिथे हार झाली. पण १९७३ साली वॉशिंग्टनला आठ विरुद्ध एक असा विजय मिळाला. तिथे रूथबाई पहिल्यांदा उभ्या राहून बोलल्या.

१९७५ चा खटला एका बापाचा. बायको बाळंतपणात गेली. बाळ सांभाळायला विधवेला मिळणारी मदत विधुराला नव्हती. तोही खटला त्यांनी जिंकला. भेदाचा कायदा पुरुषालाही बोचतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्या न्यायालयात त्यांनी सहा खटल्यांत युक्तिवाद केला, पाच जिंकले. १९९३ साली तिथेच न्यायाधीश झाल्या.

मैत्रिणींनो, वकिली म्हणजे नुसतं जोरात बोलणं नव्हे. कोर्ट कोणतं, कागद कोणता आणि आधी कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणं म्हणजे वकिली. आणि हजार डॉलरपेक्षा कमी रकमेसाठी चार कोर्टं चढणारी सॅलीबाई नसती, तर त्या कागदावर लिहायला काय होतं?