लालटिपाऱ्याचा गॅस आणि विजेचा हिशेब

ग्वाल्हेरात पडावहून मुरारच्या बाजूला निघालं की पुढे लालटिपारा. तिथल्या गोशाळेत 2 ऑक्टोबर 2024 रोजी बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. खर्च 31 कोटी, साथ इंडियन ऑइलची, आणि आखणी रोज 100 टन शेणातून दोन-तीन टन गॅस काढण्याची. शेण म्हणजे गाईच्या पोटातून आलेला चाराच. तेव्हा हे वनस्पतीपासूनचंच इंधन.

शेणातून गॅस काढण्याची रीत आपल्याकडे जुनी. जशभाई पटेलांचं ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र 1950च्या दशकातलं. पुढे खादी आयोगाने गोबरगॅस गावोगावी नेला. केंद्र सरकारच्या 2018च्या ‘सतत’ योजनेत 2023पर्यंत अशा गॅसच्या 5,000 प्रकल्पांचं स्वप्न होतं. ते बरंचसं कागदावरच राहिलं.

या सगळ्या काळात एक उधळपट्टी मात्र कायम राहिली. गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण 60 टक्के. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. गॅस शुद्ध करताना तो सहसा हवेत सोडला जातो. जर्मनीतल्या वेर्ल्टे इथे ऑडीने 2013मध्ये तोच पकडला. पवनविजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, दोन्ही एकत्र करून आणखी मिथेन बनवायचा. रसायनशास्त्र फ्रेंच शास्त्रज्ञ साबातिएचं, शंभर वर्षांपूर्वीचं.

मग इथे का नाही? गणित मांडू. एक किलो जादा मिथेनला अर्धा किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे 25-27 युनिट वीज. शेजारच्या मुरैन्यात 2025मध्ये साठवणुकीसह सौरविजेची बोली युनिटला 2 रुपये 70 पैशांवर आली. त्या दरानेही नुसती वीजच सत्तर रुपयांच्या आसपास, यंत्रं वेगळी. ‘सतत’ने सुरुवातीला ठरवलेला गॅसचा भाव होता किलोला 46.

विजेने वनस्पतिजन्य पदार्थ बदलण्याची कल्पना काही नवी नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कोल्बेने सेंद्रिय आम्लांतून वीज सोडून तेलकट हायड्रोकार्बन मिळवले ते 1849मध्ये. 1930च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅटलस पावडर कंपनी ग्लुकोजपासून विजेने सॉर्बिटॉल बनवत होती, कारखान्याच्या पातळीवर. पुढे दाबाखालच्या हायड्रोजनची रीत स्वस्त पडली आणि विजेच्या टाक्या बंद झाल्या. तेव्हाही प्रश्न भावाचाच होता.

म्हणून मला वाटतं, स्वस्त सौरवीज आधी रसायनांकडे वळावी. किलोला चांगला भाव मिळेल अशा मालाला विजेचा खर्च पेलवतो. रिक्षाच्या टाकीत जाणाऱ्या गॅसला नाही. लालटिपाऱ्यात सध्या पहिली निकड वेगळीच आहे: शंभर टन शेण रोज, बिनचूक, गोळा होणं.