घास घशाशी अडतो तेव्हा

'बाबा आता पूर्वीसारखे जेवत नाहीत,' ही तक्रार घरोघरी ऐकू येते. वयोमानाने भूक मंदावली असेल, असे म्हणून आपण तो विषय तेथेच सोडतो. परंतु कित्येकदा भूक शाबूत असते. अडचण असते ती गिळण्याची.

घशात अन्नमार्ग व श्वासमार्ग शेजारी शेजारी असतात. घास गिळताना श्वासमार्ग क्षणभर बंद होतो. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश अशा व्याधींत हा ताळमेळ बिघडतो आणि अन्नाचे कण वा पाणी फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना अशा वेळी ठसकाही लागत नाही. म्हणूनच त्रास वाढण्यापूर्वी चाळणी तपासणी करणे हिताचे.

२००८ साली अमेरिकेतील वैद्यांनी 'ईट-१०' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत दहा विधाने आहेत: गिळण्याच्या त्रासाने वजन घटले, पातळ पदार्थ, घट्ट पदार्थ वा गोळ्या गिळण्यास कष्ट पडतात, घास घशात चिकटतो, खाताना खोकला येतो, जेवणातला आनंद उणावला इत्यादी. प्रत्येकास ० ते ४ गुण द्यावयाचे. बेरीज ३ किंवा अधिक झाल्यास डॉक्टरांकडे जावे. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. गुण कमी असूनही वारंवार ताप वा छातीत कफ होत असेल, तरी तपासणी करून घ्यावी. पाणी पाजून पाहण्याची चाचणी घरी करू नये. ते काम कान-नाक-घसा तज्ज्ञ व स्पीच थेरपिस्ट यांचे.

तोवर वृद्धांना ताठ बसवून भरवावे, घास लहान द्यावा, घाई करू नये आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

गिळण्याच्या भीतीने काही वृद्ध भाविक ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचेही टाळतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, पवित्र भाकरीचा लहानसा तुकडाही पुरेसा आहे. त्यातही ख्रिस्त पूर्णत्वाने उपस्थित असतो. तेही शक्य नसेल, तर १९८३ च्या धर्मविधान संहितेतील कलम ९२५ नुसार केवळ द्राक्षारसाच्या रूपातही हा संस्कार देता येतो. मात्र काहींना पातळ पदार्थच अधिक अवघड जातात. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेऊन आपल्या धर्मगुरूंना तसे आधीच कळवावे.

आज जेवताना आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि एवढेच विचारावे, 'गिळताना त्रास होतो का?' पुष्कळजण संकोचापोटी आपणहून सांगत नाहीत.